गवत कापायचं मशीन सुरूच होत नाही? ठाणे-नवी मुंबईतून येणारे नेहमीचे प्रश्न

ब्रश कटर (दांडीचं गवत कापायचं मशीन), चेन सॉ (साखळीची करवत), ब्लोअर (पालापाचोळा उडवणारा), पाठीवरचा फवारणी पंप, पाणी उपसायचा छोटा पेट्रोल पंप, ही सगळी एकाच कुळातली मशीनं. आपल्याकडे त्यांचं वर्षही ठरलेलं आहे. पाऊस लागला की गवत कमरेला येतं, गणपतीच्या आधी सोसायटीला आवार साफ हवं असतं, दिवाळीनंतर एक शेवटची कापणी होते आणि मग मशीन पंप रूमच्या कोपऱ्यात जाऊन बसतं ते थेट पुढच्या जुलैपर्यंत. जुलैत बाहेर काढलं की दोरी ओढून ओढून माळीकाकांचा खांदा भरून येतो आणि कमिटीत निर्णय होतो, "कार्बोरेटर गेला." बहुतेक वेळा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, जागेवर असतो, टाकीतलं पेट्रोल गेलेलं असतं. खालचे प्रश्न ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्या, रो-हाऊसवाले आणि कर्जत-मुरबाडकडे शेतघर असलेली मंडळी नेहमी विचारतात ते.

मशीन अजिबात सुरू होत नाही. आधी काय बघू?

आधी स्विच. हसू नका, हँडलवरचा लाल स्विच बंद ठेवून अर्धा तास दोरी ओढणारे दर मोसमात भेटतात. त्यानंतर टाकीतलं पेट्रोल, मग चोक (हवा अडवणारी झडप), मग प्लग (ठिणगी पाडतो तो), मग एअर फिल्टर, याच क्रमाने जायचं. कार्बोरेटर उघडायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. पहिल्याच दिवशी कार्बोरेटर खोलतात, त्यातली बारीक स्प्रिंग फरशीवर उडून जाते आणि साध्या प्लगच्या कामाचं मोठं काम होऊन बसतं.

स्विच चालू असूनही शंका असेल तर एक सोपी खूण आहे. या मशीनचा स्विच इंजिन बंद करताना कॉइलचा, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागाचा, करंट बॉडीला उतरवतो. म्हणजे हँडलकडून इंजिनकडे जाणारी स्विचची वायर काढून ठेवली तर स्विच हिशेबातूनच जातो. तसं केल्यावर मशीन सुरू झालं तर दोष स्विचमध्ये किंवा वायरमध्ये आहे. हँडल वाकतं तिथे ही वायर सोलली जाऊन बॉडीला टेकते. मात्र वायर काढलेली असताना स्विचने मशीन बंद होणार नाही, चोक लावून बंद करावं लागेल. एवढं लक्षात ठेवूनच हा प्रयोग करा, आणि तोही पातं काढून ठेवून.

टाकी तर भरलेली आहे. गेल्या दिवाळीत भरलेलं पेट्रोल तसंच आहे.

मग तोच तुमचा आजार. पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. मागे जे राहतं ते सुकत सुकत चिकट, पिवळसर राळेसारखं होतं आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने ते सगळीकडे आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची हवा कशी असते ते कपाटातल्या चामडी पट्ट्यावरच्या बुरशीला विचारा. टाकी अर्धी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत ही दमट हवा कोंडलेली असते. ओलावा एका मर्यादेबाहेर गेला, किंवा झाकणातून थेट पावसाचं पाणी आत शिरलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनला पहिला घोट त्या पाण्याचाच मिळतो.

खात्री करायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या रिकाम्या बरणीत ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा, गढूळ थर दिसला तर पाणी आहे. थर नाही, पण वास ताज्या पेट्रोलसारखा झणझणीत नसून जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतोय, तरी ते फेकायच्याच लायकीचं. हे काम उघड्यावर करा. गॅलरीत नको, आणि देवघरात दिवा लागलेला असताना तर मुळीच नको.

जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, त्याला पार्ट धुवायला चालतं. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खळखळून घ्या, मग नवीन भरा. निम्म्याहून जास्त मशीनं एवढ्यावरच बोलू लागतात.

मग पेट्रोल किती दिवस चालतं?

नुसतं असो की ऑइल मिसळलेलं, महिनाभर धरा. त्यामुळे एका वेळी लिटर-दोन लिटरच आणा. वर्षाला एकदाच पाच लिटरचा कॅन भरून ठेवणं स्वस्त वाटतं, पण ते पुढे कार्बोरेटर सफाईच्या बिलात वसूल होतं. कॅन धातूचा, घट्ट झाकणाचा हवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. घरात पोरंबाळं असतात, आणि तहानेल्या माणसाला अंधारात बाटलीतला फरक कळत नाही.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर सुरू होईल का?

नाही. या इंजिनांना ऑक्टेनची भूक नसते, ताजेपणाची असते. पैसे प्लगवर खर्च करा.

ऑइल किती मिसळायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण प्रत्येकाचं ऑइल वेगळं असतं. टू-स्ट्रोक मशीनला (ज्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, ओळखायचं कसं ते पुढच्या प्रश्नात) कंपनीने सांगितलेलं किंवा जासो एफडी या जपानी दर्जाचं चांगलं ऑइल असेल तर साधारण ५०:१, म्हणजे एका लिटरला २० मिली. साधं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल असेल तर २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तक खरं. मोजायला औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज घ्या. "अंदाजे एक धार सोडली" या मापाने आजवर पुष्कळ पिस्टन गेले आहेत.

ऑइल आणि पेट्रोल टाकीत एकत्र करू नका. कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, झाकण लावून नीट हलवा. भरायच्या आधी दर वेळी पुन्हा हलवा. कॅनवर मार्करने तारीख आणि प्रमाण लिहा. मोटरसायकलच्या इंजिनाचं ऑइल इथे चालत नाही, ते नीट जळत नाही आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

ऑइल जास्त पडलं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, मशीन मिसिंग मारतं. त्रास आहे, पण मशीन जिवंत राहतं. ऑइल न टाकता नुसत्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक चालवलं तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला घासून सीझ होतो, म्हणजे जागीच अडकतो. त्यानंतर बोलण्यासारखं फार काही उरत नाही.

आमचं मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक तेच माहीत नाही.

झाकणं मोजा. पेट्रोलच्या टाकीखेरीज इंजिनला ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल, बहुधा आतून छोटी पट्टी असलेलं, तर ते फोर-स्ट्रोक. त्यात पेट्रोल साधं जातं आणि ऑइल वेगळं. होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनाचं उदाहरण घ्या, त्यात जेमतेम १०० मिली ऑइल मावतं, १०डब्ल्यू-३० दर्जाचं. १०० मिली म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. त्यातलं थोडं जरी जळलं किंवा गळलं तरी इंजिन कोरडं पडायला लागतं, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी पातळी बघायची.

सोसायटीत माळी बदलला की नेमका इथे घोटाळा होतो. जुना माळी टू-स्ट्रोकवर काम केलेला, नवीन फोर-स्ट्रोकवर, आणि सांगायला कोणी नसतं. टाकीवर जाड मार्करने "साधं पेट्रोल" किंवा "ऑइल मिक्स" असं मराठीत आणि हिंदीत लिहून टाका. फोर-स्ट्रोकमध्ये चुकून मिक्स पेट्रोल पडलं तर फार बिघडत नाही, काढून ताजं भरा. उलटं झालं तर वरच्या प्रश्नाचा शेवट पुन्हा वाचा.

चोक नेमका कधी लावायचा आणि कधी काढायचा?

सर्वात जास्त मशीनं इथे "बिघडतात". थंड इंजिन असेल तर चोक लावा. पेट्रोल ओढणारा रबरी फुगा असेल तर त्याच्या परतीच्या पारदर्शक नळीत पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, साधारण पाच-सात वेळा. मग मशीन जमिनीवर, पातं मोकळ्या जागेत, डावा हात इंजिनवर घट्ट आणि दोरी ओढा. दोन-चार ओढींत इंजिन एकदा "फट्" करून बंद पडेल. हा आवाज ओळखायला शिका. बंद पडलं म्हणून निराश होऊ नका, ते सांगतंय की पेट्रोल पोचलं, आता चोक काढा. चोक काढून पुढच्या एक-दोन ओढींत सुरू व्हायला हवं.

बहुतेक जण तो "फट्" ऐकतात आणि चोक तसाच ठेवून आणखी वीस वेळा ओढतात. मग पेट्रोल ओव्हर होतं, म्हणजे इंजिनमध्ये जास्त भरतं, आणि पुढचा अर्धा तास ते मशीन सुरू होत नाही. आपल्या हवेत चोक फार लागतही नाही. दुपारी बारा वाजता, एकदा चालून गरम झालेल्या मशीनला तर चोक लावूच नका.

चोकच्या दांडीवर चित्र असतं. आडवी रेघ किंवा बंद झाकण म्हणजे चोक लागलेला, उभी रेघ म्हणजे उघडा. काही मशीनवर दांडी वर म्हणजे बंद, काहींवर उलट. दोन मशीनं असतील तर दोन्ही एकदा नीट बघून ठेवा.

पेट्रोल ओव्हर झालंय. आता?

स्विच बंद. प्लग काढा. चोक पूर्ण उघडा, रेस पूर्ण दाबून धरा. मशीन असं धरा की प्लगचं भोक खाली येईल आणि दोरी आठ-दहा वेळा ओढा. आतलं पेट्रोल फवारा मारून बाहेर येतं, म्हणून तोंड लांब, आणि बिडी पेटवून उभा असलेला वॉचमन त्याहून लांब. प्लग फडक्याने पुसून वाळवा, परत बसवा, चोक न लावता सुरू करा. प्लग लायटरने जाळून वाळवायची एक पद्धत गॅरेजमध्ये दिसते. पेट्रोलने भिजलेल्या मशीनशेजारी ते करू नका, पाच मिनिटं उन्हात ठेवला तरी वाळतो.

प्लग काढला. ओला आहे / कोरडा आहे / काळा आहे. म्हणजे काय?

प्लगचं टोक म्हणजे या मशीनची जीभ, डॉक्टरने आधी तीच बघायची. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाही. टाकीतला फिल्टर, नळी, फुगा, कार्बोरेटर या बाजूला बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे एक तर ओव्हर झालंय किंवा करंट नाही. टोकावर तेलकट काळा थर म्हणजे ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. कोरडी, काजळीसारखी काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. फिकट तपकिरी, चहाच्या रंगाचा प्लग म्हणजे तब्येत ठीक. पांढराफटक, भाजल्यासारखा दिसला तर मात्र सावध व्हा. इंजिनला पेट्रोल-ऑइल कमी पडतंय आणि ते तापतंय. तसंच चालवत राहिलात तर पिस्टन जाईल.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप बहुतेक छोट्या मशीनना ०.६ ते ०.७ मिमी लागतो. फीलर गेज टू-व्हीलरच्या कुठल्याही मेकॅनिककडे असतं. प्लग घासत बसण्यापेक्षा नवीन घ्या, पण जुना सोबत नेऊन त्याच नंबरचा घ्या. लांबीने मोठा प्लग बसवला तर तो आत पिस्टनवर आपटतो.

करंट येतोय का ते घरी कसं बघू?

प्लग काढून त्याच्या टोपीत खोचा. प्लगचा धातूचा आट्यांचा भाग सिलिंडरच्या धातूला टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून दूर. धरायला हातात रबरी मोजा किंवा इन्सुलेशनवाला पकड. स्विच चालू ठेवून दुसऱ्याला दोरी जोरात ओढायला सांगा. टोकाशी निळी, टणटणीत ठिणगी दिसली पाहिजे. सावलीत बघा, उन्हात दिसत नाही. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या.

ठिणगी पिवळी, अशक्त किंवा नाहीच असेल तर नवीन प्लग लावून बघा. तरीही नसेल तर टोपी वायरवरून सैल झाली आहे का बघा. तीही ठीक असेल आणि स्विचची वायरही काढून बघितली असेल, तर कॉइल.

चोक लावून चालतं, चोक काढला की बंद.

इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवून ती कमतरता झाकत होता. आता खरंच कार्बोरेटरची पाळी, पण त्याआधी दोन गोष्टी. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा. पांढरा असायला हवा, तपकिरी आणि कडक झाला असेल तर बदला, स्वस्त असतो. मग नळ्या बघा. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या नळ्या कडक होतात, वाकवल्या की तडे दिसतात, आणि त्या तड्यांतून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधला जोड सैल असेल तरी हेच होतं. त्याचे स्क्रू घट्ट करा.

कार्बोरेटर उघडलात तर आत एक पातळ पडदा असतो. तो कापडासारखा मऊ हवा. बोटाने दाबल्यावर कुरकुरला तर बदला, पडदे आणि गॅस्केटचा सेट वेगळा मिळतो. जेट, म्हणजे आतली पेट्रोलची बारीक भोकं, साफ करायला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि कंप्रेसरची हवा वापरा, पण हवा मारण्याआधी पडदा काढून ठेवा, नाहीतर फाटेल. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. भोक किंचित मोठं झालं की तो कार्बोरेटर पुन्हा कधी सरळ चालत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा, आणि काम जुन्या बेडशीटवर करा म्हणजे स्प्रिंग हरवणार नाही.

माळ्याने कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले. आता काहीच जमत नाही.

एच आणि एल अक्षरांचे दोन स्क्रू असतात, एच मोठ्या रेससाठी, एल आयडलसाठी (रेस न देता इंजिन चालतं ते). तिसरा फक्त आयडलचा वेग ठरवतो. एच आणि एल हलक्या हाताने उजवीकडे बंद होईपर्यंत फिरवा, आवळू नका, टोक सुईसारखं असतं आणि खराब होतं. मग दोन्ही साधारण एक ते सव्वा वळसा उघडा. बहुतेक मशीन इथून सुरू होतात. पुढचं बारीक जुळवणं कानाने होतं. एचचा स्क्रू जास्त बंद केला की मशीन छान किंचाळतं, जोरात पळतं, माळी खूश होतो, आणि आठवड्याभरात पिस्टन जळतो. तो किंचित उघडाच बरा. मोकळ्या रेसला थोडा घरघरता आवाज आला आणि गवतात घातल्यावर तो साफ झाला तर सेटिंग योग्य आहे.

दहा मिनिटं मस्त चालतं, मग बंद. थोड्या वेळाने परत सुरू.

बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा "सुस्स" आवाज आला आणि मशीन लगेच सुरू झालं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे यायचं थांबतं. धूळ आणि गवताचा चिखल बसलेला असतो, साफ केलं की काम झालं.

झाकण सैल करूनही फरक नसेल तर गरम असतानाच करंट बघा. थंड असताना ठिणगी देणारी आणि गरम झाली की रुसणारी कॉइल हा नेहमीचा प्रकार आहे. तिला दुरुस्ती नाही, बदलावी लागते.

सुरू होतं, पण गवतात घातलं की दम सोडतं.

एअर फिल्टर बघा. घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाची धूळ वर्षानुवर्षं आहे, वर बांधकामांची, आणि मशीनही पंप रूममध्ये उघडंच पडलेलं असतं. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा किंवा बदलायचा. फिल्टर काढून "मोकळा श्वास" देऊन मशीन चालवणारे आहेत. तो श्वास वाळूचा असतो आणि सिलिंडरला ओरखडे पाडतो.

फिल्टर साफ असेल तर सायलेन्सर. आतल्या जाळीवर काजळीचा थर बसतो, धूर बाहेर पडला नाही तर नवीन हवा आत येणार कुठून? जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करा.

आणि एकदा इंजिन सोडून खालीही बघा. दांडीच्या टोकाशी ओलं गवत गुंडाळून दोरखंडासारखं झालेलं असतं, ते कापून काढा. नायलॉनची तार गार्डाच्या बाहेर हातभर सोडली की कुठलंही इंजिन दमेल. गार्डावरची छोटी पाती तारेची लांबी बरोबर ठेवायलाच असते, ती काढून टाकू नका. तार पटापट तुटत असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, नायलॉन पाणी पिऊन लवचीक होतं. पावसाळी गवताला तार पुरते. दिवाळीनंतरचं वाळलेलं, खोडासारखं झालेलं रान असेल, खारघर-बेलापूरच्या टेकड्यांच्या पायथ्याला असतं तसं, तर लोखंडी पातं लावा. पात्याचा नट बहुतेक ब्रश कटरला उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने लोक पाइप लावून डावीकडे आवळतात आणि नट तुटतो.

रेस सोडली तरी पातं फिरत राहतं.

आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. आयडलचा स्क्रू थोडा डावीकडे फिरवून बघा. तरीही फिरत असेल तर मशीन वापरू नका, आधी क्लच बघून घ्या. यात जुगाड नाही.

धूर फार येतो.

टू-स्ट्रोकमध्ये निळसर धूर म्हणजे ऑइल जास्त. फोर-स्ट्रोकमध्ये पांढरा-निळा धूर बहुधा मशीन आडवं किंवा उलटं ठेवल्याने येतो, ऑइल सिलिंडरमध्ये जातं. थोडा वेळ चालवल्यावर आपोआप जातो. जात नसेल तर पिस्टनची रिंग झिजली आहे.

दोरी ओढलीच जात नाही.

प्लग काढून ओढा. आता सहज ओढली जात असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं होतं, वर सांगितल्याप्रमाणे रिकामं करा. प्लग काढूनही जाम असेल तर दोरीचं घर वेगळं काढून बघा, स्प्रिंग अडकलेली किंवा तुटलेली असू शकते. ती स्प्रिंग गुंडाळलेली, ताणातली असते, उघडताना तोंड लांब आणि डोळ्यांना चष्मा. दोरीचं घर ठीक आणि इंजिनच फिरत नसेल तर पिस्टन सीझ.

उलटंही होतं, दोरी फारच हलकी जाते. टू-स्ट्रोक मशीनची दोरी हातात धरून मशीन लोंबकळू द्या. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली यायला हवं. सरळ सर्रकन खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. गेजवर साधारण १०० पीएसआयच्या खाली आकडा आला की चांगला करंट आणि ताजं पेट्रोल असूनही मशीन सुरू व्हायला कटकट करतं.

ऐरोली-वाशीला खाडीजवळ राहतो. गंज फार येतो.

येणारच. प्लगच्या टोपीतली स्प्रिंग, स्विचची टोकं आणि कॉइलसमोरून फिरणारे फ्लायव्हीलचे (इंजिनच्या जड चाकाचे) चुंबक बघत जा, त्यांच्यावर गंजाचा थर चढला की करंट कमी होतो. पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. काम झाल्यावर मशीन पाण्याच्या पाइपने धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणंही चुकीचं, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाका.

वादळात झाड पडलंय, चेन सॉ सुरू होत नाही.

इंजिनचे उपाय तेच. फक्त चेनला लागणारं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, त्यात पेट्रोल ओतू नका. चेन बोथट झाली की बारीक पावडरीसारखा भुसा निघतो, धारदार असेल तर लांबट तुकडे. आणि झाड उभं असेल तर मशीन दुरुस्त करण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी बघा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे सोसायटीच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

बेसमेंटमध्ये पाणी भरलंय, पंप सुरू होत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनचा पंप असेल तर ऑइल बघा. बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर करंटच तोडतो. पंप तिरका ठेवला असेल तरीही. लोक प्लग, कॉइल सगळं बदलतात आणि कमी असतं ते कटिंगभर ऑइल. इंजिन चालतं पण पाणी येत नाही, तर पंपाच्या पोटात आधी पाणी भरा आणि ओढायच्या पाइपाचे जोड आवळा, हवा धरतात.

आणि हा पंप किंवा जनरेटर बेसमेंटमध्ये उतरवू नका. पंप वर उघड्यावर, पाइप खाली. पेट्रोल इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस खाली उतरतो आणि परत वर येत नाही. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, तरी पुरत नाही.

मोसम संपल्यावर कसं ठेवू?

टाकी पूर्ण रिकामी करा. मग मशीन सुरू करून बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोलही संपेल. रबरी फुगा दाबून पुन्हा एकदा सुरू करायचा प्रयत्न करा. प्लग काढून त्या भोकात टू-टी ऑइलचे थोडे थेंब सोडा, दोरी दोन वेळा सावकाश ओढा, प्लग परत लावा. ब्रश कटरच्या खालच्या गिअरच्या डोक्यात ग्रीस भरा. या पंधरा मिनिटांच्या कामाने पुढचा जुलै सुखाचा जातो, आणि तरी सोसायट्यांमध्ये ते कोणी करत नाही. सेक्रेटरीसाहेबांनी पंप रूमच्या दारावर कागद चिकटवावा ही विनंती.

त्यापेक्षा बॅटरीचं मशीन घेऊ का?

रो-हाऊसपुढचं छोटं लॉन असेल तर खुशाल घ्या, शेजारीही दुवा देतील. मोठ्या प्लॉटला, पावसातल्या दाट गवताला, दिवसभराच्या कामाला पेट्रोलच.

दुरुस्तीला आणताना काय करू?

मशीन शेवटचं कधी नीट चाललं, पेट्रोल कधीचं आहे, ऑइल कोणतं आणि किती, बंद कसं पडलं, एकदम की घरघरत, आणि प्लग ओला होता की कोरडा, एवढं माळीकाकांकडून विचारून या, किंवा त्यांनाच पाठवा. पार्ट स्वतः आणणार असाल तर मशीनचा मॉडेल नंबर आणि जुना पार्ट घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा. लोकलने येणार असाल तर टाकी घरीच पूर्ण रिकामी करा, रेल्वेत पेट्रोल नेणं गुन्हा आहे. रिक्षाने आलात तरी रिकामीच बरी, पेट्रोलचा वास आला की रिक्षावाला मीटर टाकायच्या आधीच "उतरा" म्हणतो.